आधीच्या साहेबांच्या फायली

एका निर्मितीसंस्थेच्या पटकथा विभागात मी नऊ वर्षे काम केले आणि त्या नऊ वर्षांत आमच्या विभागाने चार प्रमुख पाहिले. आलेली पटकथा वाचायची, तिच्यावर दोन पानी टिपण लिहायचे, टिपणाच्या तळाशी ‘नको’, ‘विचार करावा’ किंवा ‘शिफारस’ यांपैकी एक शेरा मारायचा आणि ते वर पाठवायचे, असे माझे काम होते. निर्णय प्रमुखांचा असे. नऊ वर्षांत ‘शिफारस’ हा शब्द मी फक्त ११ वेळा लिहिला, आणि त्या अकराही पटकथा मला आजही प्रसंगवार आठवतात.

तिसरे प्रमुख रुजू झाले त्या दिवशी त्यांनी हातात असलेल्या सर्व प्रकल्पांची यादी मागवली. ती मी तयारच ठेवली होती. एकूण २३ प्रकल्प होते. प्रत्येकापुढे लेखकाचे नाव, कितवा खर्डा चालू आहे, अंदाजे खर्च किती आणि कथेचे हक्क कधीपर्यंत आपल्याकडे आहेत, अशी घरे आखलेली होती. सरांनी यादीवरून एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि विचारले, “यातलं कुणाच्या काळातलं काय आहे, ते कुठे लिहिलंय?” ते घर माझ्या यादीत नव्हते. संध्याकाळपर्यंत मी ते आखून भरून दिले. २३ पैकी १९ फायली आधीच्या दोन प्रमुखांच्या काळातल्या निघाल्या, आणि पुढच्या चार महिन्यांनंतर त्या १९ पैकी दोनच चालू राहिल्या.

उरलेल्या १७ फायलींपैकी एकही रीतसर नाकारली गेली नाही, हे मला सर्वांत जास्त लागले. नाकारण्यासाठी पटकथा निदान वाचावी लागते. या फायलींच्या बाबतीत ‘बघू’, ‘पुढच्या बैठकीत घेऊ’, ‘सध्या तारखा नाहीत’ एवढेच होत राहिले आणि एकेक फाइल बासनात गेली. त्यांत मी ‘शिफारस’ लिहिलेली एक पटकथा होती. न्यायालयात तीस वर्षे इतरांच्या साक्षी टंकलिखित करणाऱ्या एका लघुलेखिकेची ती गोष्ट होती. पहिल्या प्रमुख मॅडमनी ती एका बैठकीत वाचून होकार दिला होता, दुसऱ्यांनी दोन खर्डे करून घेतले होते, आणि तिसऱ्या सरांच्या टेबलावर ती आली तेव्हा तिच्यावर ‘आधीच्या साहेबांचे’ असा शिक्का बसलेला होता. माझा त्या सरांवर फार राग होता. माणूस वाईट आहे, त्याला वाचनाची आवड नाही, अशी मी माझ्या मनाची समजूत घालून घेतली होती.

ती समजूत पुढे हळूहळू सुटली, आणि ती सोडवली अमेरिकन चित्रपट-टीव्ही उद्योगातल्या काही अधिकाऱ्यांच्या कारकिर्दींनी. दिग्दर्शकांची आणि नटांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. ज्यांच्या सहीने पैसा सुटतो, त्या माणसांच्या आयुष्याकडे सहसा कुणी वळत नाही. मी वळले ते केवळ कामाच्या गरजेपोटी, आणि मग त्यांतच रमले. त्या कारकिर्दींच्या तारखा एकमेकींशेजारी मांडून पाहिल्या, तेव्हा जी गोष्ट मला आमच्या कार्यालयातल्या एका माणसाच्या स्वभावाची वाटत होती, ती या पेशाच्या रचनेतच बसलेली आहे, हे मला दिसू लागले.

ही रचना अशी. एखाद्या कथेला होकार मिळाल्यापासून ती पडद्यावर येईपर्यंत दोन, तीन, कधी चार-पाच वर्षे जातात. हक्कांचा करार, पटकथेचे खर्डे, दिग्दर्शकाचा शोध, कलावंतांच्या तारखा, चित्रीकरण, संकलन, प्रदर्शनाचा मुहूर्त हे सगळे त्यात येते. होकार देणारा अधिकारी खुर्चीवर बसतो तोही बहुधा तेवढाच काळ. त्यामुळे एकाने दिलेल्या होकाराचे फळ बहुतेक वेळा दुसऱ्याच्या ओंजळीत पडते. अधिकाऱ्याचे मूल्यमापन मात्र त्याच्या काळात काय प्रदर्शित झाले, यावरूनच होते. म्हणजे ज्याच्या निर्णयाचा हिशेब मांडायचा, तो माणूस हिशेबाच्या दिवशी त्या खोलीत नसतो आणि जो खोलीत असतो, त्याला दुसऱ्याच्याच निर्णयासाठी शाबासकी मिळते किंवा बोल लागतो.

फ्रेड सिल्व्हरमन यांची कारकीर्द मी यासाठी पुन्हा पुन्हा वाचली. ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी पदव्युत्तर प्रबंध लिहिला तोच मुळी एबीसी या टीव्ही नेटवर्कच्या कार्यक्रमनियोजनावर, आणि पुढे १९७५ मध्ये ते त्याच एबीसीच्या कार्यक्रमांचे प्रमुख झाले. त्याआधी ते सीबीएसचे कार्यक्रमप्रमुख होते आणि त्यानंतर, १९७८ मध्ये, एनबीसीचे अध्यक्ष झाले. अमेरिकेतल्या त्या वेळच्या तिन्ही मोठ्या नेटवर्क्सच्या कार्यक्रमांची सूत्रे हाताळणारा दुसरा कोणी झाला नाही. सीबीएस आणि एबीसीत त्यांचा अंदाज क्वचितच चुकला. एनबीसीत मात्र जे हाती घ्यावे ते फसत गेले. ‘सुपरट्रेन’ ही अतिशय खर्चिक मालिका १९७९ मध्ये आली आणि काही आठवड्यांतच आपटली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकच्या प्रक्षेपणाचे हक्क एनबीसीने घेतलेले होते आणि अमेरिकेने त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला. अशा पडत्या काळात, जानेवारी १९८१ मध्ये, एनबीसीवर ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ सुरू झाली. एका पोलीस ठाण्यातली डझनभर माणसे, एकमेकांवर चढणारे संवाद, एका भागात न संपणाऱ्या कथा अशी तिची मांडणी होती आणि ती प्रेक्षकांना अपरिचित होती. पहिल्या हंगामात प्रेक्षकसंख्येच्या क्रमवारीत ती अगदी तळाशी राहिली, तरीही तिला दुसरा हंगाम मिळाला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात सिल्व्हरमन यांना पद सोडावे लागले. सप्टेंबर १९८१ मध्ये ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ला पहिल्याच हंगामासाठी टीव्ही क्षेत्रातली मानाची आठ एमी पारितोषिके मिळाली, तेव्हा एनबीसीच्या खुर्चीवर ग्रँट टिंकर बसलेले होते. ही मालिका निर्माण करणारी एमटीएम ही संस्था याच टिंकर यांनी मेरी टायलर मूर यांच्यासोबत उभी केलेली होती. म्हणजे ज्यांच्या संस्थेने मालिका विकली, तेच आता ती विकत घेणाऱ्या नेटवर्कचे प्रमुख होते, आणि ज्यांनी ती विकत घेतली, ते घरी होते. सिल्व्हरमन पुढे स्वतंत्र निर्माते झाले आणि त्यांनी दीर्घकाळ चाललेल्या मालिकाही केल्या. पण १९८१ चा तो सप्टेंबर महिना त्यांनी कसा काढला असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

टिंकर यांच्याबद्दल मला विशेष आदर आहे, कारण आधीच्या साहेबांची म्हणून त्यांनी फाइल बंद केली नाही. कार्यक्रमांचा प्रमुख म्हणून सिल्व्हरमन यांनीच नेमलेले ब्रँडन टार्टिकॉफ हेही त्यांनी कायम ठेवले. टार्टिकॉफ त्या वेळी जेमतेम तिशी ओलांडलेले होते, आणि हॉजकिन्स या कर्करोगावरचे उपचार घेत घेत काम करत होते. ३० सप्टेंबर १९८२ रोजी सुरू झालेली ‘चीअर्स’ पहिल्याच आठवड्यात क्रमवारीच्या शेवटच्या काही नावांत गेली. मालिका चांगली आहे याबद्दल या दोघांना शंका नव्हती, म्हणून त्यांनी ती बंद केली नाही, तिला वेळ दिला. ‘चीअर्स’ ११ हंगाम चालली. एकेकाळी तिसऱ्या क्रमांकावर असलेली एनबीसी १९८५-८६ च्या हंगामात पहिल्या क्रमांकावर आली. १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने एनबीसीची मालकसंस्था आरसीए विकत घेतली आणि टिंकर बाहेर पडले. १९९३ मध्ये ‘चीअर्स’चा शेवटचा भाग साऱ्या देशाने एकत्र बसून पाहिला, त्या वेळी टिंकरही एनबीसीत नव्हते आणि टार्टिकॉफही नव्हते.

आता दुसरी बाजू, म्हणजे खुर्चीवर नव्याने बसणाऱ्याची. त्याच्या जागी जाऊन पाहिले तर त्याची अडचण खरी असते. आधीच्याने होकार दिलेला चित्रपट चालला, तर लोक म्हणणार की आधीच्याची नजर चांगली होती. पडला, तर म्हणणार की यांना वेळीच थांबवता आले नाही का. दोन्हीकडून पदरी काही पडत नाही, पैसा आणि वर्ष मात्र खर्च होते. त्यामुळे नव्या माणसाला स्वतःच्या नावाची फाइल लागते, आणि ती लवकर लागते. हॉलिवूडमध्ये यासाठी एक सोयही केलेली आहे. स्टुडिओला नको असलेला प्रकल्प ‘टर्नअराउंड’मध्ये टाकतात, म्हणजे आजवरचा खर्च भरून देणाऱ्या दुसऱ्या स्टुडिओला तो उचलता येतो. ‘ई. टी.’ हा चित्रपट कोलंबियाने असाच सोडला, युनिव्हर्सलने उचलला आणि १९८२ मध्ये त्याने इतिहास घडवला. या सोयीमुळे कितीतरी चांगल्या पटकथा बचावल्या आहेत, हे मान्य करूनही मला वाटते की ज्या फायलींना उचलणारा दुसरा कोणी मिळाला नाही, त्यांची नोंद कुठेच नसते आणि त्यांची संख्या फार मोठी असणार.

नव्या माणसाची ही घाई किती महाग पडू शकते, ते युनायटेड आर्टिस्ट्स या स्टुडिओच्या बाबतीत दिसले. जानेवारी १९७८ मध्ये तिचे प्रमुख आर्थर क्रिम आणि त्यांचे चार सहकारी मालकसंस्था ट्रान्सअमेरिकाशी मतभेद झाल्यामुळे एकदमच बाहेर पडले आणि त्यांनी ओरायन ही नवी संस्था काढली. मागे राहिलेल्या खुर्च्यांवर जे बसले, त्यांच्यात स्टीव्हन बाख होते. आपण जुन्यांपेक्षा कमी नाही, हे या मंडळींना सिद्ध करायचे होते, आणि त्या भरात त्यांनी दिग्दर्शक मायकल चिमिनो यांच्या ‘हेवन्स गेट’ला होकार दिला. चिमिनो यांचा आधीचा चित्रपट लवकरच पाच ऑस्कर मिळवून गेला, त्यामुळे त्यांना आवर घालण्याची कुणाची छाती झाली नाही. सुमारे ११६ लाख डॉलरचा चित्रपट जवळजवळ ४४० लाख डॉलरवर गेला, नोव्हेंबर १९८० मध्ये प्रदर्शित होताच मागे घेतला गेला, आणि पुढच्या वर्षी ट्रान्सअमेरिकाने युनायटेड आर्टिस्ट्स एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओला विकून टाकली. १९१९ मध्ये चॅप्लिन, पिकफर्ड, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ या चौघांनी काढलेली ती संस्था होती. बाख यांची नोकरी गेली. त्यांनी नंतर या सगळ्याची हकिगत पुस्तकरूपाने लिहिली आणि त्यात स्वतःला सूट दिली नाही, म्हणून त्या पुस्तकाला माझ्या कपाटात मानाची जागा आहे.

या पेशातली नावांची बाबही याच रचनेशी जोडलेली आहे. अर्व्हिंग थालबर्ग यांनी विशी-एकविशीतच युनिव्हर्सल स्टुडिओचा कारभार पाहिला आणि १९२४ मध्ये एमजीएम स्थापन झाल्यापासून तिच्या चित्रपटांची धुरा वाहिली. जन्मतःच हृदय अधू होते. तिशीपलीकडे जगणार नाही, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. प्रेक्षकांसमोर चित्रपट गुपचूप दाखवायचा, कुठे कंटाळतात ते पाहायचे आणि तेवढे भाग पुन्हा चित्रित करायचे, ही पद्धत त्यांनी रुजवली. एवढे करून त्यांनी स्वतःचे नाव पडद्यावर येऊ दिले नाही. १९३६ च्या सप्टेंबरमध्ये ते वयाच्या ३७ व्या वर्षी गेले आणि त्यानंतर, १९३७ मध्ये, ‘द गुड अर्थ’ प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्या आरंभी त्यांना अर्पणपत्रिका वाहिलेली होती. होकार त्यांचा होता, नाव पडद्यावर आले ते त्यांच्या पश्चात.

पण या सगळ्या माणसांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते रिक लुडविन. थालबर्ग किंवा सिल्व्हरमन यांच्याएवढे मोठे पद त्यांना कधी मिळाले नाही. ते एनबीसीत रात्री उशिराचे कार्यक्रम आणि विशेष कार्यक्रम यांचे प्रमुख होते. नेहमीच्या विनोदी मालिका हा त्यांचा विभागच नव्हता. विनोदवीर जेरी साइनफेल्ड यांच्यासोबत केलेला एक नमुना भाग, म्हणजे पायलट, ५ जुलै १९८९ रोजी दाखवला गेला. आधी निवडक प्रेक्षकांना दाखवून केलेल्या चाचणीचा अहवाल त्याच्या विरोधात गेला होता आणि ‘कमकुवत’ असा त्यावर शेरा पडला होता. मी स्वतः शेरे मारण्याचे काम केलेले असल्याने त्या एका शब्दाचे वजन मला ठाऊक आहे. असा शब्द एकदा कागदावर आला की त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्यावर कारणे देण्याची जबाबदारी येते, गप्प राहणाऱ्यावर कोणतीच जबाबदारी येत नाही. लुडविन यांनी कारणांचा घोळ घातला नाही. आपल्या विभागाच्या वार्षिक तरतुदीत ज्येष्ठ विनोदवीर बॉब होप यांचा एक दोन तासांचा विशेष कार्यक्रम होता, तो त्यांनी रद्द केला. दोन तास म्हणजे अर्ध्या तासाचे चार भाग, आणि तेवढेच चार भाग त्यांनी मागवले. नेटवर्कच्या मालिकेसाठी चार ही संख्या नगण्य होती, पण त्यांच्या अधिकारात तेवढीच होती.

ते चार भाग १९९० च्या उन्हाळ्यात दाखवले गेले. ‘साइनफेल्ड’ अमेरिकेतली सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका व्हायला त्यानंतर आणखी चार वर्षे गेली. १९९८ मध्ये ती १८० भाग पूर्ण करून थांबली. टार्टिकॉफ १९९१ मध्येच एनबीसी सोडून गेले होते. लुडविन मात्र तिथेच होते. त्यांनी एनबीसीत तीन दशकांहून अधिक काळ काम केले, आणि मला वाटते की वरच्या खुर्चीसाठी त्यांची धावपळ नव्हती, म्हणूनच आपण दिलेल्या होकाराचे पुढे काय होते, ते पाहायला ते जागेवर राहू शकले. अर्थात हा माझा तर्क आहे. पण आमच्या विभागात ज्यांच्या हातून चांगली कामे झाली, त्यांतही असे दुसऱ्या फळीतले, खुर्चीची ओढ नसलेले दोघेजण होते, आणि दोघांच्याही बाबतीत मला हेच जाणवले.

टार्टिकॉफ १९९१ मध्ये पॅरामाउंट पिक्चर्सचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांच्या लहान मुलीला मोटारअपघातात गंभीर इजा झाली. १९९२ मध्ये त्यांनी पॅरामाउंट सोडले. पाच वर्षांनी, १९९७ मध्ये, जुन्या आजाराने उचल खाल्ली आणि वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते गेले. पॅरामाउंटमध्ये त्यांच्या जागी शेरी लॅन्सिंग आल्या.

लॅन्सिंग यांच्या कारकिर्दीची सुरुवात मला आपली वाटते. त्यांचा जन्म शिकागोचा, १९४४ चा. लॉस एंजेलिसच्या शाळांत त्यांनी गणित शिकवले, मग अभिनय केला, १९७० च्या ‘रिओ लोबो’त जॉन वेन यांच्यासोबत कामही केले; परंतु आपल्याला अभिनय येत नाही, असे स्वतःचे स्वतःलाच सांगून त्यांनी तो सोडला आणि तासांवर पैसे घेऊन पटकथा वाचण्याचे काम धरले. तेच दोन पानी टिपण, तोच तळाचा शेरा. तिथून दहा वर्षांत, १९८० मध्ये, त्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या निर्मितीविभागाच्या अध्यक्ष झाल्या. एखाद्या मोठ्या हॉलिवूड स्टुडिओत त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. वाचनाच्या टेबलावरून तिथवर जाता येते, हे आमच्या विभागातल्या प्रत्येक मुलीला मी सांगत असे आणि सांगताना माझा आवाज थोडा चढत असे.

फॉक्समध्ये त्या आल्या तेव्हा ॲलन लॅड ज्युनिअर नुकतेच गेलेले होते. जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ला दोन स्टुडिओंनी नकार दिल्यानंतर होकार देणारे आणि स्वतःच्याच संचालक मंडळाच्या शंकांपुढे चार वर्षे त्या चित्रपटाची पाठराखण करणारे ते हे लॅड. त्यांनी १९७९ मध्ये फॉक्स सोडले. ‘स्टार वॉर्स’चा पुढचा भाग मे १९८० मध्ये फॉक्सने प्रदर्शित केला, तेव्हा तिथे लॅन्सिंग होत्या, आणि त्या यशात आपला काही वाटा आहे, असे त्यांनाही म्हणता आले नसते. त्यांच्या स्वतःच्या होकाराचा ‘द व्हर्डिक्ट’ डिसेंबर १९८२ मध्ये आला, तोवर त्यांचा फॉक्समधला मुक्काम संपत आला होता.

लॅड पुढे एमजीएमचे प्रमुख झाले, आणि १९९३ मध्ये तिथूनही त्यांना जावे लागले. जाताना त्यांनी एक गोष्ट केली, आणि या सगळ्या वाचनात मला तिच्याइतका आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही. नव्या माणसाच्या हाती आपल्या फायलींचे काय होते, हे एवढ्या वर्षांच्या अनुभवाने त्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून त्यांनी बाहेर पडताना आपल्या आवडत्या प्रकल्पाची फाइल सोबत नेण्याची परवानगी मिळवली. ती ‘ब्रेव्हहार्ट’ची पटकथा होती. अधिकाऱ्याचे पद गेले होते, आता ते निर्माते म्हणून ती घेऊन दारोदार जाणार होते. पटकथा पॅरामाउंटमध्ये पोचली, जिथे लॅन्सिंग प्रमुख होत्या. पॅरामाउंट आणि फॉक्स यांनी मिळून तो चित्रपट केला, आणि मार्च १९९६ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर घ्यायला मेल गिब्सन आणि ब्रूस डेव्ही यांच्यासोबत लॅड मंचावर उभे राहिले. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या चित्रपटांना होकार देणाऱ्या माणसाने स्वतःच्या होकाराचे फळ त्या रात्री स्वतःच्या हातात धरले.

लॅन्सिंग पॅरामाउंटमध्ये बारा वर्षे राहिल्या. या पेशात तो फार मोठा काळ आहे. ‘फॉरेस्ट गंप’ आधी वॉर्नर ब्रदर्सकडे पडून होता, तो त्यांच्या काळात पॅरामाउंटने केला. फॉक्सचा ‘टायटॅनिक’ खर्चाने फुगत चालला तेव्हा पॅरामाउंटने ६५० लाख डॉलर घातले, आपला वाटा त्याहून एका डॉलरने वाढणार नाही अशी अट घालून. चित्रपट अखेरीस सुमारे २० कोटी डॉलरवर गेला. गणिताच्या शिक्षिकेने घातलेली अट म्हणून ती मला फार आवडते, मग ती प्रत्यक्षात करारावर बसलेल्या कुणाच्याही डोक्यातून निघालेली असो. २००५ मध्ये, साठाव्या वर्षी, त्यांनी हा उद्योग सोडला आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी उभारण्याच्या कामाला वाहून घेतले.

या सगळ्या तारखा नीट उमगल्या, तोवर आमचे तिसरे सरही गेले होते. त्यांनी मोठ्या हौसेने सुरू केलेल्या सहा फायली माझ्याच टेबलावर होत्या आणि चौथ्या प्रमुखांनी मला विचारले होते, “यांतल्या कुणाच्या काळातल्या?” या वेळी ते घर माझ्या यादीत आधीपासून होते. त्या क्षणी मला तिसऱ्या सरांबद्दल पहिल्यांदाच वाईट वाटले. त्यांच्या सहांपैकी दोन पटकथा खरोखर चांगल्या होत्या आणि त्यांच्यासाठी मी जमेल तेवढे भांडले. एक बचावली.

लघुलेखिकेच्या गोष्टीचा करार त्याच वर्षी संपला. मुदत संपल्याचे आणि हक्क लेखिकेकडे परत गेल्याचे पत्र मीच तयार केले. पोस्टाने पाठवले असते तरी चालले असते, पण तिला फोन केला आणि ती म्हणाली, “मीच येते गं, घेऊन जाते.” पंचावन्नच्या आसपासची, स्वतः न्यायालयात नोकरी केलेली बाई, मी तिला ताई म्हणत असे. ती आली. मी तिच्यासाठी स्वच्छ प्रत काढून ठेवली होती. तिने ती बाजूला सारली आणि फाइलमधली मूळ प्रत मागितली.

त्या प्रतीत पहिल्या मॅडमच्या पेन्सिलीच्या खुणा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत होत्या. कुठे संवादाखाली रेघ, कुठे समासात ‘हे तिला इतक्यात कळू नये’ असे बारीक अक्षर. दुसऱ्या प्रमुखांचे निळे पेन चाळिसाव्या पानापर्यंत चालले होते. त्यानंतर समास पेन्सिलीचेच राहिले आणि तिसऱ्या सरांची एकही खूण कुठे नव्हती. ताई उभ्या उभ्या पाने उलटत राहिली. चाळिसाव्या पानावर थांबली, पुढे गेली, शेवटच्या पानावर मॅडमने काढलेली छोटी बरोबरची खूण पाहिली आणि फाइल मिटून छातीशी धरली.

“ही बाई आता कुठे असते?” तिने विचारले. मी सांगितले की मॅडम हा उद्योग सोडून गेल्या नाहीत, दुसऱ्या एका संस्थेत आहेत, तिथे रुजू होऊन दोनच महिने झालेत.

“मग तिचं कपाट अजून रिकामं असेल,” ताई म्हणाली, आणि मॅडमचा पत्ता लिहून घ्यायला माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली.